मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ बरोबर कसा काढायचा

तिकिटावर लिहिलेले असते: मुंबईहून सुटणार रात्री १.३०, न्यूयॉर्कला पोहोचणार सकाळी ७.००, तारीख तीच. घरात लगेच हिशेब होतो, साडेपाच तास. मग कोणाला तरी आठवते की अमेरिकेची वेळ मागे असते. कोणी दहा तास मिळवतो, कोणी वजा करतो, आणि तीन माणसांची तीन उत्तरे येतात. अंतराचेही तेच. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर दीड-दोन हजार किलोमीटरने चुकते.

ही चूक कागदावरच राहत नाही. पहिल्यांदा एकटी निघालेली आई तिकडे उतरते तेव्हा घ्यायला आलेला मुलगा हजर असेल की नाही, हे या हिशेबावर ठरते. म्हणून मुंबई–न्यूयॉर्क हेच उदाहरण घेऊन सगळा हिशेब पायरीपायरीने मांडतो. शहरे बदलली तरी पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

## तयारी: हिशेबाला बसण्याआधी काय हाताशी हवे

तिकिटाची प्रत, साइन-कॉस असलेला कॅल्क्युलेटर (मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये तो दिसतो) आणि एक कोरा कागद. कागदावर चार रकाने आखा: विमानतळ, स्थानिक तारीख-वेळ, यूटीसी तारीख-वेळ, भारतीय तारीख-वेळ. यूटीसी म्हणजे सगळ्या देशांची घड्याळे जिच्या आधारे लावली जातात ती जागतिक प्रमाणवेळ. भारत तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. हा तिसरा रकाना अनेकांना फाजील वाटतो, पण सगळा गोंधळ तिथेच मिटतो.

## पायरी १: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

न्यूयॉर्कला जाणारे विमान जेएफकेला उतरू शकते किंवा शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्कला. दोन्ही ठिकाणी तिकीट शोधताना ‘न्यूयॉर्क’च दिसते. लंडनला हीथ्रो वेगळे, गॅटविक वेगळे. आपल्याकडेही आता हे पाहावे लागते: मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, गोव्यात दाबोळी जीओआय, तर मोपा जीओएक्स. किलोमीटरच्या हिशेबात याने विशेष फरक पडत नाही, पण गाडी चुकीच्या विमानतळावर गेली तर विमान चुकते.

तिकिटावरचा तीन अक्षरी कोड कागदावर उतरवा. परतीचा कोड वेगळा पाहा. जाताना जेएफके आणि येताना नेवार्क असे तिकीट सहज निघते.

## पायरी २: अक्षांश-रेखांश नीट लिहा

- मुंबई (बीओएम): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
- न्यूयॉर्क (जेएफके): ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम

इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक अंश आणि कला यांची. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५२ कला असे दिले असेल, तर ते ७२.५२ नव्हे. एका अंशात ६० कला असतात, म्हणून ५२ भागिले ६०, म्हणजे ०.८७. उत्तर ७२.८७.

दुसरी चूक पूर्व-पश्चिमेची, आणि ती जास्त महागात पडते. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे असतात. न्यूयॉर्कच्या ७३.७८ पुढचे उणे चिन्ह राहिले तर उत्तर जेमतेम २,४०० किमी येते, कारण तुम्ही न्यूयॉर्कचे नव्हे, किर्गिझस्तानातल्या एका जागेचे अंतर काढलेले असते.

पडताळा: पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी. त्यामुळे कोणत्याही दोन जागांमधले सर्वांत कमी अंतर २०,००० किमीच्या फारसे पुढे जाऊच शकत नाही. त्याहून मोठे उत्तर आले तर पुढे न जाता चिन्हे पुन्हा तपासा.

## पायरी ३: अंतर गोलावर काढा, नकाशावर नाही

आपल्या डोळ्यांसमोर असतो तो सपाट नकाशा. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेषेने जोडली तर रेषा अरबस्तान, इजिप्त, अल्जेरिया यांवरून अटलांटिकमध्ये उतरते. ही वाट भरते सुमारे १४,२०० किमी. गोलावरची सर्वांत जवळची वाट, म्हणजे बृहद्वृत्ताची, जवळपास १२,५०० किमीच आहे. फरक १,७०० किमीचा, विमानाच्या भाषेत दोन तासांचा.

घरात पृथ्वीगोल असेल तर आधी दोरा ताणून पाहा. दोरा मुंबईहून वायव्येला, उत्तरेकडे बराच झुकून निघतो. पाकिस्तानवरून, कंदाहारजवळून तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वेतले ट्रॉनहाइम, आइसलँड आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक असे करत तो कॅनडातून न्यूयॉर्कला उतरतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला पाहिजे. मुलांना शिकवायलाही ही पद्धत कॅल्क्युलेटरपेक्षा चांगली, कारण वाट उत्तरेकडून का जाते हे हातालाच कळते.

आता गणित:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०

२. दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ = ०.७१७१

३. रेखांशांतील फरक: ७२.८७ − (−७३.७८) = १४६.६५ अंश. त्याचा कॉस −०.८३५३

४. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचा गुणाकार: −०.५९९०

५. पहिली ओळ अधिक चौथी ओळ: −०.३८६०

६. या संख्येचा व्यस्त कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹): ११२.७ अंश

७. एक अंश म्हणजे १११.२ किमी. म्हणून ११२.७ × १११.२ = १२,५३२ किमी

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने काटेकोर गणितात उत्तर थोडेसे सरकते, पण फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. प्रवासाच्या नियोजनाला हे पुरेसे आहे. दशांश चिन्हापुढचे आकडे जपण्यात वेळ घालवू नका.

सावधान: कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर हवा, ‘रेडियन’वर नको. साइन ३० काढून पाहा, ०.५ आले तरच पुढे जा. संगणकावरच्या तक्त्यात हेच गणित करत असाल तर उलट काळजी घ्या, तिथे कोन आधी रेडियनमध्ये बदलावे लागतात.

मैलांचाही घोळ होतो. साधा मैल १.६०९ किमीचा, तर विमानवाहतुकीत वापरला जाणारा सागरी मैल १.८५२ किमीचा. हेच अंतर साध्या मैलांत सुमारे ७,७९० आणि सागरी मैलांत सुमारे ६,७७० होते. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर आधी एकक तपासा. बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात.

## पायरी ४: प्रत्यक्ष वाटेसाठी वाढ धरा

बृहद्वृत्ताचा आकडा हा तळाचा आकडा. विमान त्याहून कमी उडूच शकत नाही, जास्त मात्र नेहमीच उडते. वाऱ्याचा फायदा घ्यायचा असतो, ठरलेले हवाई मार्ग असतात, वादळे टाळायची असतात. आणि काही देशांचे आकाश बंद असते.

हे शेवटचे कारण आज सर्वांत जड आहे. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. पुढे २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना बंदी घातली आणि ती महिन्या-महिन्याने वाढत गेली. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. आपला दोरा नेमका पाकिस्तान आणि रशिया याच दोन देशांवरून गेला होता. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, दोन कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. शेजारणीच्या मुलीला किती तास लागले, यावरून आपल्या तिकिटाचा अंदाज बांधू नका. तिची कंपनी कोणती होती आणि ती कोणत्या वर्षी गेली, ते आधी विचारा.

आपल्या उदाहरणात ५ टक्के वाढ धरू: १२,५३२ × १.०५ = सुमारे १३,१६० किमी. वाट फार वळसा घेणारी असेल तर ८-१० टक्के धरा.

## पायरी ५: अंतराचे तास करा

लांब पल्ल्याचे मोठे जेट विमान हवेच्या तुलनेत ताशी साधारण ९०० किमी वेगाने जाते. पण ती हवा स्वतःच वाहत असते. मधल्या अक्षांशांवर, विमाने उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. अमेरिकेला जाताना हा वारा बहुतेक वाटेवर समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच धरणे ही मोठी चूक आहे.

अंदाजासाठी जमिनीवरचा वेग असा धरा: पश्चिमेकडे जाताना ताशी ८५०, पूर्वेकडे येताना ताशी ९५०.

- जाताना: १३,१६० ÷ ८५० = १५.४८ तास
- येताना: १३,१६० ÷ ९५० = १३.८५ तास

इथे थांबून दशांश सोडवा. १५.४८ तास म्हणजे १५ तास ४८ मिनिटे नव्हे. ०.४८ ला ६० ने गुणा: २९ मिनिटे. तर जाताना १५ तास २९ मिनिटे आणि येताना १३ तास ५१ मिनिटे.

यात अजून विमानतळावरचा वेळ नाही. विमान दारापासून मागे ढकलले जाते, धावपट्टीपर्यंत सरपटते, वर चढताना आणि उतरताना हळू जाते, उतरल्यावर पुन्हा दारापर्यंत येते. यासाठी ३५ मिनिटे मिळवा. जाताना सुमारे १६ तास, येताना साडेचौदा. तिकिटावरच्या वेळा दारापासून दारापर्यंतच्याच असतात, याला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिक घोषणेत सांगतो तो बहुधा फक्त हवेतला वेळ. म्हणून तो तिकिटापेक्षा कमी वाटतो. विमान लवकर पोहोचणार असे समजून तिकडच्या माणसांना घाईने निघायला लावू नका.

पडताळा: एकूण अंतर भागिले एकूण तास करून पाहा. लांबच्या विनाथांबा प्रवासात उत्तर ताशी ७५० ते १,००० किमीच्या दरम्यान यायला हवे. ताशी २,२०० आले तर तुम्ही स्थानिक वेळा सरळ वजा केल्या आहेत. ५०० आले तर मध्ये थांबा आहे आणि तुमच्या नजरेतून तो सुटला.

## पायरी ६: घड्याळे यूटीसीत आणा

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, म्हणून सावकाश वाचा. नियम एकच: दोन वेगळ्या देशांतल्या घड्याळांच्या वेळा एकमेकींतून कधीच वजा करायच्या नाहीत. आधी दोन्ही यूटीसीत आणायच्या, मग वजाबाकी.

उदाहरण: १२ जानेवारीला मुंबईहून रात्री १.३० ला प्रयाण, १२ जानेवारीलाच न्यूयॉर्कला सकाळी ७.०० ला आगमन.

- मुंबई १२ जानेवारी ०१:३०, वजा ५:३० = यूटीसी ११ जानेवारी २०:००
- न्यूयॉर्क १२ जानेवारी ०७:००, अधिक ५:०० = यूटीसी १२ जानेवारी १२:००
- फरक: १६ तास

पहिल्या ओळीत तारीख मागे गेली हे पाहा. ती बदलायला विसरलात तर विमान निघण्याच्या आठ तास आधीच पोहोचलेले दिसते. तारखेशिवाय वेळ कधीही लिहू नका.

परतीचे: न्यूयॉर्कहून २६ जानेवारी ११:३०, अधिक ५:०० = यूटीसी १६:३०. साडेचौदा तास मिळवले की यूटीसी २७ जानेवारी ०७:००. त्यात ५:३० मिळवले की मुंबईत २७ तारखेला दुपारी १२:३०.

सॅन फ्रान्सिस्कोसारख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शहरातून पॅसिफिक ओलांडून येताना तारीखरेषाही लागते, पण तिच्यासाठी वेगळा नियम नको. यूटीसीत सगळे आपोआप जमते.

### उन्हाळी घड्याळाची अडचण

भारताचे घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. त्यामुळे न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात १० तास ३० मिनिटे मागे, तर उन्हाळ्यात ९ तास ३० मिनिटे मागे असते. वरचेच विमान जुलैत निघाले तर यूटीसी १२:०० म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे ८.००.

ब्रिटन आणि युरोप मात्र मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात. २०२६ मध्ये अमेरिकेचा बदल ८ मार्चला, युरोपचा २९ मार्चला. या तीन आठवड्यांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी ‘लंडन–न्यूयॉर्क पाच तास’ हे पाठांतर वापरू नये, तेव्हा फरक चार तासांचा असतो. शरद ऋतूतही २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर असा एक आठवडा येतो. दुबई (यूटीसी अधिक ४) आणि दोहा (यूटीसी अधिक ३) इथे घड्याळ बदलतच नाही.

## पायरी ७: मधले थांबे मोजा

‘डायरेक्ट’ म्हणजे विनाथांबा असे गृहीत धरू नका. एकच फ्लाइट क्रमांक असला तरी विमान मध्ये कुठे उतरू शकते. तिकिटावर ‘नॉन-स्टॉप’ किंवा शून्य थांबे असे लिहिलेले आहे का, ते पाहा.

थांब्याचे शहर आपल्या दोऱ्याच्या जवळ आहे की लांब, यावर बरेच अवलंबून असते. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किमी आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४०; बेरीज १२,७५० च्या आसपास, म्हणजे सरळ वाटेपेक्षा दोनशे किमीच जास्त. दुबईमार्गे बेरीज साधारण १२,९५०. सिंगापूरमार्गे मात्र ती १९,००० च्या वर जाते. सिंगापूरचे तिकीट स्वस्त दिसले म्हणून सत्तरीच्या माणसांना त्या वाटेने न्यूयॉर्कला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकूण वेळ काढताना प्रत्येक टप्पा वेगळा मोजून बेरीज करण्यापेक्षा शेवटचे आगमन आणि पहिले प्रयाण, दोन्ही यूटीसीत घ्या आणि वजा करा. थांब्याचे तास आपोआप त्यात येतात.

सावधान: अमेरिकेत पुढे दुसऱ्या शहराला, उदाहरणार्थ शिकागोला किंवा डॅलसला, जायचे असेल तर बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होते. तिथे सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून बाहेर काढून पुन्हा जमा करावे लागते. मुंबईत बॅगेवर शेवटच्या शहराची चिठ्ठी लावलेली असली तरीही. या थांब्याला तीन तास असावेत. दीड तासाचा जोड मिळत असेल तर तिकीट काढण्याआधीच बदला.

## पायरी ८: मध्यरात्रीची तारीख

भारतातून अमेरिका-युरोपला जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. आपल्या मनात दिवस सूर्योदयाला बदलतो, रात्रीचा दीड म्हणजे आपल्याला आदल्या दिवसाचीच रात्र वाटते. तिकिटाचा दिवस मात्र रात्री बाराला बदलतो. १२ जानेवारी ०१:३० चे विमान पकडायला घरून निघायचे ते ११ जानेवारीला. १२ तारखेच्या रात्री विमानतळावर गेलेल्या माणसाचे विमान चोवीस तास आधी गेलेले असते.

पुण्याहून निघणाऱ्यांनी असे उलटे मोजावे:

- ०१:३० प्रयाण (१२ जानेवारी)
- ००:३० च्या सुमारास चेक-इन बंद. आपल्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटावर पाहा
- २१:३० ला विमानतळावर (११ जानेवारी)
- द्रुतगती मार्गाने साडेतीन तास, वर घाटातल्या आणि मुंबईतल्या कोंडीसाठी एक तास
- १७:०० ला घरून प्रयाण (११ जानेवारी)

गाडीवाल्याला फोनवर ‘बारा तारखेची फ्लाइट’ असे सांगू नका. ‘अकरा तारीख, संध्याकाळी पाच’ एवढेच सांगा.

## पायरी ९: शेवटचा कागद

आता चारही रकाने भरलेले असतील. त्याखाली तिकडच्या माणसांसाठी एक ओळ लिहा: कोणता विमानतळ, कोणते टर्मिनल, स्थानिक तारीख आणि वेळ. इमिग्रेशन आणि सामानाला एक ते दोन तास लागतात हेही त्यात येऊ द्या, आणि कागदाचा फोटो काढून तिकडे पाठवा. सात वाजता उतरणारे आजी-आजोबा साडेआठच्या आधी बाहेर आले नाहीत तर घाबरण्याचे कारण नसते.

इन्सुलिन किंवा वेळेवर घ्यायच्या गोळ्या असतील तर भारतीय वेळेचा रकाना डॉक्टरांना दाखवा आणि प्रवासातल्या मात्रा त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्या. विमानात घड्याळ कोणत्या देशाचे लावायचे हा प्रश्न मग उरत नाही. औषधापुरते एक घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर आपला फ्लाइट क्रमांक टाकून गेल्या आठवड्यात त्या विमानाला खरोखर किती वेळ लागला ते पाहा. तुमच्या आकड्यात आणि त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक चालेल. दोन तासांचा असेल तर वाट बदललेली आहे, पायरी ४ ची टक्केवारी वाढवा. कंपनीने वेळ बदलल्याचा निरोप आला तर कागदावर खाडाखोड करत बसू नका: आधी यूटीसीचा रकाना दुरुस्त करा, त्याच्यावरून वेळेचे बाकीचे दोन्ही रकाने नव्याने काढा आणि नवा फोटो तिकडे पाठवून जुना पुसायला सांगा.